उकिरड्याची दैना

मराठीत एक म्हण आहे, ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते.’ दैना म्हणजे वाईट दशा. आज ज्याला कोणी विचारत नाही, त्याचेही दिवस कधीतरी पालटतात, असा या म्हणीचा अर्थ. ही म्हण मी फळ्यावर लिहिली की वर्गातून हमखास आवाज येतो, “टीचर, ये तो हमारी जबान में भी है!” आणि ते खरेच आहे. उर्दूत आपण म्हणतो, ‘बारह बरस पीछे घूरे के भी दिन फिरते हैं.’ घूरा म्हणजे उकिरडा. दोन भाषांनी एकाच ढिगाकडे पाहिले, दोघींना एकच गोष्ट सुचली आणि वर्षेसुद्धा दोघींनी बाराच धरली, याची मला मोठी गंमत वाटते.

पण उकिरड्याचे दिवस फिरतात म्हणजे नेमके काय होते? शेतकऱ्यांच्या घरची मुले याचे उत्तर चटकन देतात. खेड्यात घरामागे किंवा गावाच्या कडेला एक खड्डा असे. त्यात शेण, गोठ्यातील केर, चुलीतील राख, भाजीची देठे, फळांच्या साली असे सारे पडत असे. खड्डा भरला की त्यावर माती लोटत. काही महिन्यांनी तो उकरला की आत काळे, भुसभुशीत खत तयार झालेले असे. उन्हाळ्यात बैलगाडीतून ते शेतात जाई आणि पुढे त्याच्यावर ज्वारी, बाजरी, कांदा पोसला जाई. ज्याच्या जवळून जाताना लोक नाक दाबत, तेच फिरून ताटात येई. ज्याने ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने हे सारे डोळ्यांनी पाहिले असणार.

आता त्याच म्हणीपुढे आजचा उकिरडा ठेवून पाहा. त्यात भाजीची देठे आहेतच. पण ती प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद केलेली आहेत. शिवाय शांपूच्या पुड्या, वेफर्सची चमकदार पाकिटे, फुटलेली बरणी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, संपलेले सेल आणि बाळाचे डायपर आहेत. यांतले किती बारा वर्षांत माती होईल? देठांची माती झाली असती. पण गाठ मारलेल्या पिशवीत त्यांना हवाही मिळत नाही. तेव्हा म्हणीत काही चूक नाही. उकिरडाच बदलला आहे.

मी शिरूरला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझे माहेर दौंडचे. शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले आहे, म्हणून जुनी माणसे त्याला घोडनदी असेही म्हणतात. दौंड भीमेच्या काठी आहे आणि रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून ते साऱ्यांना ठाऊक आहे. शिरूरला रेल्वे नाही. पण या दोन गावांना जोडणारी एक वाट रेल्वेपेक्षा आणि एस. टी. पेक्षाही जुनी आहे, ती पाण्याची. घोड नदी पुढे भीमेला मिळते. पुण्याकडून येणारी मुळा-मुठाही भीमेलाच मिळते. भीमेचे पाणी पुढे उजनीच्या धरणात साठते आणि तेथून पंढरपूरकडे जाते. म्हणजे शिरूरच्या ओढ्यात कोणी एक पिशवी भिरकावली, तर ती ‘आमच्या दारातून गेली’ एवढेच खरे. गेली कुठे, हे नदीला विचारावे लागेल.

माझे अब्बा भंगाराचा धंदा करीत. दौंडला आमच्या घराच्या पुढच्या बाजूलाच त्यांचे दुकान होते. सकाळी फेरीवाले हातगाड्या घेऊन बाहेर पडत, ‘रद्दीऽ, भंगारऽ, बाटलीऽ’ अशी आरोळी देत आणि दुपारनंतर माल घेऊन परत येत. शाळेतून आल्यावर मी दुकानात बसे. अब्बा शाळा फार शिकले नव्हते. पण वस्तू ओळखण्याचे त्यांचे शास्त्र पक्के होते.

त्यांच्याजवळ दोरीला बांधलेले एक लोहचुंबक असे. धातूच्या ढिगावरून ते फिरवले की लोखंड आणि पत्रा टक्कन चिकटे. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम जागचे हलत नसे. मग तांब्याचा तांबूस रंग, पितळेचा पिवळा आणि अॅल्युमिनियमचा हलकेपणा यांवरून त्यांचे वेगळे ढीग होत. प्लास्टिकसाठी पाण्याची बादली असे. तेलाच्या डब्याच्या टोपणाचा तुकडा तरंगे. पाण्याच्या बाटलीचा किंवा पाइपचा तुकडा तळाशी जाई. तरंगणारे एकीकडे, बुडणारे दुसरीकडे. पुढे कॉलेजात मी घनता हा शब्द शिकले, तेव्हा मला ती बादली आठवली.

पण अब्बांना सर्वांत जास्त काळजी असे ती कागदाची. रद्दी आली की ते तिच्यात हात घालून पाहत. आत ओल लागली की त्यांचा चेहरा उतरे. “कागज भीगा, तो पैसा भीगा,” असे ते म्हणत. कोरड्या कागदाचा लगदा करून नवा कागद, नवा पुठ्ठा बनतो. आमटी सांडलेल्या, भात चिकटलेल्या कागदाला मात्र कोणी घेत नाही. आणि गंमत अशी, की ज्या भाताने कागद बिघडवला, तो भातही त्या कागदामुळे आणि पिशवीमुळे खताच्या कामाचा राहत नाही. दोन चांगल्या वस्तू एका बादलीत गेल्या आणि दोन्ही वाया गेल्या. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवा, असे भिंतीवर लिहिलेले आपण रोज वाचतो. त्या वाक्याचे कारण मला आमच्या दुकानात लहानपणीच कळले.

आपल्या राज्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या गाडीला ‘घंटागाडी’ म्हणतात. नाशिक शहरात १९९० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली आणि तेथून हे नाव महाराष्ट्रभर पसरले. त्याआधी चौकाचौकांत कचराकुंड्या असत. कुंडी भरून वाहे, कुत्री आणि गाई ती विसकटत, मग लोक लांबूनच कचरा फेकत. घंटागाडीने हे उलटे केले. लोकांनी कचऱ्यापर्यंत जाण्याऐवजी गाडी लोकांच्या दारापर्यंत येऊ लागली. आज अनेक गाड्यांवर घंटा नसते, कर्ण्यावर गाणे वाजते. तरी नाव घंटागाडीच राहिले आहे.

याच काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली शहरांतील कचऱ्याविषयी याचिका केली. त्यानंतर २००० साली देशात नागरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ साली आलेल्या नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितले. ओला कचरा, सुका कचरा आणि घरातील धोकादायक कचरा, म्हणजे सेल, जुनी औषधे, रंगांचे डबे असे काही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. नियम चांगले आहेत. पण नियम गाडीपर्यंत पोहोचायचा, तर तो आधी आपल्या स्वयंपाकघरातील बादलीपाशी थांबावा लागतो.

तो तेथे थांबला नाही, तर काय होते, हे मला एका निबंधाने शिकवले.

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गाला ‘माझे वडील’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. सर्व वह्या आल्या. एका मुलीच्या वहीत वर तारीख होती, विषय होता आणि खाली कोरे पान होते. मुलगी हुशार होती. तिचे मराठी अक्षरही सुंदर होते. मी तिला काही विचारण्याआधीच मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, “उसके अब्बा कचरे की गाड़ी पर हैं.” दोघी-तिघी हसल्या. ती मुलगी खाली पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही.

मी निरोप पाठवला, तेव्हा तिचे वडील शाळेत आले. ते वर्गाच्या दाराशीच उभे राहिले. बसा म्हटले, तरी बाकावर बसेनात. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी बांधलेली होती. मी विचारले, तर म्हणाले, “टीचर, पिशवीत फुटलेला ग्लास होता. मी पिशवी उचलली आणि हात कापला. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. तीन दिवस कामावर गेलो नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “घाण का डर नहीं है टीचर, घाण तो धुल जाती है. काच का डर है. काच थैली में दिखती नहीं.”

मुलीचे नाव शाळेतून काढावे, असे त्यांच्या मनात आले होते. ती घरी बसली तर निदान कोणी हसणार नाही, असे त्यांना वाटत होते. मी त्यांना म्हटले, “तुम्ही एकदा वर्गात येऊन मुलांशी बोलाल का?” ते गोंधळले. म्हणाले, “आधी तिला विचारतो.” मला त्यांचे हे म्हणणे फार आवडले. मुलीने दोन दिवस विचार केला आणि हो म्हटले. मात्र तिची एक अट होती. अब्बांनी ईदचा कुर्ता घालून यायचे.

ते पांढरा कुर्ता घालून आले. भाषण वगैरे त्यांनी केले नाही. मुलांनी प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरे दिली. सर्वांत जड काय असते? ओला कचरा. कलिंगडाच्या दिवसांत तर बादली उचलत नाही. सर्वांत वाईट काय असते? उघडे ब्लेड, सुई आणि काच. आणि कागदात न गुंडाळता टाकलेले डायपर. कोणत्या घरचा कचरा आवडतो? यावर ते हसले. म्हणाले, “ज्या घरी दोन बादल्या असतात ना, तिथे मी स्वतःहून सलाम करतो.” एका मुलाने विचारले, “तुम्ही हातमोजे का घालत नाही?” ते म्हणाले, “घालतो. पण काच मोज्याला विचारून आत येत नाही.” सारा वर्ग हसला. पहिल्या बाकावर बसलेली त्यांची मुलगीही हसली.

त्या दिवशी मी मुलांना पुण्यातील कष्टकऱ्यांची हकीकत सांगितली. पुण्यात रस्त्यावरचा कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणारी हजारो माणसे होती, त्यांत बहुतेक स्त्रिया. लोक त्यांना चोर समजत, हाकलून देत. १९९३ साली त्यांनी एकत्र येऊन ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था झाली आणि पुणे महानगरपालिकेशी करार करून त्या घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागल्या. सॅनिटरी कचरा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीमही पुण्यात झाली. ठिपका पाहिला की वेचणाऱ्या बाईला पुडी उघडावी लागत नाही. एका लाल ठिपक्याला किती खर्च येतो? पण तो काढणाऱ्याने समोरच्या माणसाचा विचार केलेला असतो.

आपल्या राज्यात हातात खराटा घेणाऱ्या माणसाची थोरवी कोणी नव्याने सांगायला नको. गाडगेबाबा १८७६ साली जन्मले आणि १९५६ साली गेले. ते गावात आले की आधी रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्याच नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणे हेही सवाबाचे काम आहे, असे माझी अम्मी आम्हांला सांगत असे. मग पिशवीत लपलेली काच हा रस्त्यातला काटाच नव्हे का?

तुम्ही म्हणाल, गाडी कचरा घेऊन गेली की आपले काम संपले. पण गाडीलाही कुठेतरी जावे लागते. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तेथे डोंगर झाले. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. तेथेही आगी लागल्या. पावसात ढिगांतून काळे पाणी झिरपले आणि विहिरी खराब झाल्या. त्या गावांतील लोकांना पुन्हा पुन्हा आंदोलन करावे लागले. शहराच्या घरांतून कचरा गेला होता. गावाच्या विहिरीत तो राहिला होता.

आमच्या वर्गाने ठरवले, की आपण आपल्या हाताने होईल तेवढे करायचे. जवळच्या मोहल्ल्यात एक गल्ली आहे. ती इतकी अरुंद, की गाडी आत शिरू शकत नाही. गाडी तोंडाशी येई, पण तिची वेळ पक्की नसे. म्हाताऱ्या बायका बादली घेऊन पोहोचेपर्यंत ती पुढे गेलेली असे. मग कचरा कोपऱ्यावरच्या गटारात पडे. पावसाळ्यात गटार तुंबे, पाणी घरांत शिरे आणि डास वाढत. त्या वर्षी वर्गातील तिघे तापाने आजारी होते. बकरी ईदच्या दिवसांत तर त्या कोपऱ्याची काळजी सर्वांनाच वाटे.

अर्जलेखन हा आमच्या मराठीच्या अभ्यासातील भाग. मुले नेहमी तक्रार करतात, “टीचर, हे अर्ज आपण कोणाला पाठवणार आहोत?” या वेळी आम्ही अर्ज खरोखरच पाठवला. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’ हे सारे शब्द मुलांनी जपून लिहिले. गल्लीत घरे किती, वृद्ध माणसे किती, गल्लीची रुंदी किती, हे त्यांनी मोजून आणले. मागणी दोनच ओळींची होती. गाडीची वेळ ठरलेली असावी आणि तिने गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटे थांबावे. खाली गल्लीतील लोकांच्या सह्या घेतल्या. कोणी उर्दूत सही केली, कोणी मराठीत, कोणी अंगठा उठवला.

काही आठवड्यांनी गाडीची वेळ ठरली. ज्या आजींना बादली उचलत नाही, त्यांची बादली शेजारची मुले नेऊ लागली. ईदच्या वेळी टाकाऊ भाग वेगळ्या पिशव्यांत भरून वेळेवर द्यायचे, असे मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी ठरवले. कोपरा एकदम चकचकीत झाला, असे मी म्हणणार नाही. आजही कोणीतरी रात्री एखादी पिशवी तेथे टाकून जाते. पण सकाळी ती कोणाची, याची चर्चा होते. पूर्वी ती होत नसे.

शाळेच्या मागच्या बाजूला आम्ही एक खड्डा खणला. शालेय पोषण आहारातील उरलेली खिचडी, भाजीची साले आणि झाडाखालची सुकी पाने एकावर एक थर देऊन त्यात टाकू लागलो. नुसती खिचडी टाकली तर वास येतो आणि उंदीर येतात. म्हणून तिच्यावर सुक्या पानांचा जाड थर हवा. ओल फार झाली तर पाने वाढवायची, फार कोरडे झाले तर पाणी शिंपडायचे आणि मधूनमधून काठीने हलवून हवा द्यायची. एवढेच त्याचे तंत्र. डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू बाकीचे काम करतात. थंडीच्या सकाळी खड्ड्यात हात धरला की आतून ऊब लागे. त्या उबेवर मुले इतकी खूश होत, की मधल्या सुट्टीत हात शेकायला रांग लागे.

त्या मुलीने पुढे ‘माझे वडील’ हा निबंध लिहिला. मी पुन्हा मागितला नव्हता. तिने आपण होऊन वही पुढे केली. त्यातील पहिली दोन वाक्ये माझ्या लक्षात राहिली आहेत. ‘माझे वडील पहाटे पाच वाजता उठतात. मग ते साऱ्या गावाला उठवतात.’ एक शब्द तिने चुकीचा लिहिला होता. तो मी लाल शाईने दुरुस्त केला आणि दहांपैकी नऊ गुण दिले.

बारा आठवड्यांनी आम्ही खड्डा उघडला. म्हणीतल्या बारा वर्षांची मुलांना आठवण होती. ती आठवडे मोजत बसली होती. वरची पाने बाजूला केली, तर खाली काळे, मऊ खत. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा त्याचा वास होता. खिचडी कुठे, साली कुठे, काहीच ओळखू येईना. एका मुलाने खाली खोलवर हात घातला आणि चॉकलेटचा एक कागद बाहेर काढला. चुकून पडला असावा. माती झटकली, तर त्यावरची सोनेरी अक्षरे जशीच्या तशी वाचता येत होती. किंमतसुद्धा वाचता येत होती.

मुले एकमेकांच्या खांद्यांवरून तो कागद पाहत राहिली. मग त्या मुलीने तो हातात घेतला, नळावर धुतला, उन्हात वाळवला आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.